चतुराबाईंची बोलायची भिशी

आधीच कबूल करून टाकते. हसलात तरी चालेल, मी स्वतःच हसतेय. चतुराबाई पहिल्यांदा माझ्या दारात आल्या ना, तेव्हा मला वाटलं ही बाई लग्नं जुळवते. नऊवारी नेसलेली, हातात कापडी पिशवी, आणि प्रश्न कसे तर, "घरात कोन कोन असतंय? वयं काय? कुनाची काय इच्छा राह्यलीय का?" आता माझा भाचा अनिश राहतो माझ्याकडे. ताथवड्याला शिकला, नोकरीला लागला, आणि अजून बिनलग्नाचा. मी बाईंना आत बसवलं, पोहे केले, वर ओलं खोबरं पेरलं आणि म्हटलं, "इच्छा एकच. ह्या पोराचं लग्न."

बाईंनी पोहे शांतपणे संपवले. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "त्ये हुईल की. मी म्हंते, मेल्यावर कुनाचं काय करायचं, त्ये बोलून ठेवलंय का तुमच्यात?"

अनिशनं आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.

तर ह्या चतुराबाई. चाकणच्या पुढचं त्यांचं गाव. शेत कंपन्यांना गेलं, मुलगा गोरक्ष त्याच बाजूच्या एका कंपनीत शिफ्टला लागला आणि दिघीत आमच्या मजल्यावर फ्लॅट घेऊन राहिला. गॅलरीतून लष्कराची मोकळी जमीन दिसते. चतुराबाई रोज ती बघून म्हणतात, "एवढं रान पडलंय अन् कुनी मूठभर बाजरी टाकीना." गोरक्ष आईला जीव लावणारा. पगार झाला की न चुकता गरम जिलेबीची पुडी आणतो. ती पुडी पुढे कुठे जाते ते नंतर सांगते.

बाईंच्या डोक्यात होतं की लोकांनी जमावं आणि मरणाबद्दल मोकळं बोलावं. पण माणसं जमवायची कशी? त्यांना एकच रीत ठाऊक, भिशीची. गावात बायकांची भिशी त्याच चालवायच्या. म्हणून त्यांनी इथेही भिशीच काढली. पैसे नाहीत, बाकी सगळं तेच. डब्यात नावांच्या चिठ्ठ्या, दर रविवारी एक काढायची, ज्याची निघेल त्यानं बोलायचं.

आता सांगा, भिशीत प्रत्येकाला वाटतं आपली चिठ्ठी लवकर निघावी. इथे डबा हलला की सगळे एकमेकांच्या मागे सरकायला लागले.

सोसायटीच्या सेक्रेटरीनं भिशी म्हणून हॉल दिला. पहिल्या रविवारी निम्म्या बायका खरी भिशी समजून आल्या आणि हप्ता किती विचारत बसल्या. एक जण तर हळदीकुंकवाची वाटी घेऊन आली. कुठे ठेवावी कळेना, म्हणून शेवटपर्यंत मांडीवर धरून बसली. मी का गेले होते? खोटं कशाला बोलू, वडे होते.

चिठ्ठी निघाली प्रभाकररावांची. कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झालेले, शिस्तीचे. म्हणाले, "माझी? पुढच्या रविवारी घ्या ना. आज तयारी नाही."

"कशाची तयारी, मरायची का बोलायची?" त्यांच्या बायकोनं, अरुंधतीनं विचारलं.

मग ते उठले. डोळे दान करायचेत म्हणाले. मग म्हणाले, की देहच द्यावा? मग, दोन्ही देता येतं का हो? कुणालाच माहीत नव्हतं. तेवढ्यात त्यांना गॅसचं कार्ड कुठल्या कपाटात आहे ते आठवलं, आणि अर्धा तास ते कपाटच समजावत बसले. अरुंधती म्हणाली, "अहो, तुम्हाला जिवंतपणी टॉवेल सापडत नाही आणि मला कपाट काय सांगता?" सगळे हसले. मग तीच रडायला लागली. का ते तिलाही सांगता येईना, आणि हसऱ्या तोंडाचं काय करावं ते आम्हालाही कळेना. सगळे वडे खाऊन घरी गेलो. झालं काय, ते मला आजही नीट कळलेलं नाही.

जिन्यात मी चतुराबाईंना छेडलंच. "काय हो, तुम्हाला एवढी कसली घाई? वर कुणी वाट बघतंय का?"

त्या हसल्या नाहीत. पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "ताई, माझ्या मालकांच्या, गोऱ्याच्या आबांच्या दहाव्याला कावळा शिवंना."

नदीकाठी सगळा गाव जमलेला. पिंडाशेजारी जिलेबी ठेवली, पेढा ठेवला, चहा ठेवला, तंबाखूची पुडी ठेवली. कावळे झाडावर बसून बघत राहिले. मग लोकांनी शब्द द्यायला सुरुवात केली. गोरक्ष म्हणाला, आईला सांभाळीन. भावकी म्हणाली, बांधाचं भांडण मिटवू. कावळा हलेना. शेवटी सगळे बाईंकडे वळले. तुलाच ठाऊक असंल, त्यांना काय आवडायचं ते सांग.

"अन् मला सांगताच येईना. जल्मभर रांधून घातलं. काय बी वाढलं तर म्हनायचे, झकास. दवाखान्यात दोनदा बोलायला लागले, चतुरा, मी गेल्यावर... मी म्हनलं, गप बसा, अभद्र बोलू नगा. त्ये गप बसले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. आता मला सांगा, जिलेबी चुकली का मानूस चुकलं?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले.

"माझ्या टायमाला गोऱ्या असा खुळ्यावानी उभा राहू नये, एवढंच हाय बगा," त्या म्हणाल्या. "पन त्याला घरी इचारलं, की टीव्हीचा आवाज वाढवतोय."

पुढच्या रविवारी हॉलला कुलूप. सेक्रेटरीला भिशीत काय चालतं ते कळलं होतं. मग आम्ही पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. डबा हलला आणि चिठ्ठी निघाली खुद्द चतुराबाईंची. तेवढ्यात कंपनीची बस गेटवर थांबली आणि गोरक्ष उतरला. पाठीला सॅक, गळ्यात कार्ड. आईला अशी बैठकीच्या मधोमध बघून कसनुसा झाला.

"आई, चल वर. सोसायटीच्या ग्रुपवर लोक काय काय लिहितायत, माहितीय का?"

"लिहू दे. बस हितं. माझी पाळी हाय." त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. "माझ्या दहाव्याला काय ठेवशील?"

"आई, अगं चारचौघांत काय हे."

"घरात कुटं बोलतोस? काय ठेवशील?"

गोरक्ष आमच्याकडे बघतोय, आम्ही स्कूटरींकडे. शेवटी सुटका व्हावी म्हणून तो पुटपुटला, "जिलेबी. तुला आवडती ती."

"मला? मला जिलेबी कवा आवडली?"

"दर पगाराला आणतो की मी. संपवतीस की."

"ह्या मावशीला इचार कोन संपवतंय."

आता आली का पंचाईत. त्या पुड्या माझ्याकडे यायच्या. मला वाटायचं, बाईंचा माझ्यावर जीव आहे. मी वर ट्यूबलाइटकडे बघत म्हटलं, "छान असते रे जिलेबी. जरा कुरकुरीत आण पुढच्या वेळी."

गोरक्ष खुर्चीत बसला. सॅक पाठीवरच होती. मग म्हणाला, "आबांना पण आपण जिलेबीच ठेवली होती."

"व्हय."

"त्यांना काय आवडायचं?"

"न्हाई ठाव," चतुराबाई म्हणाल्या. "म्हनून तर."

प्रभाकरराव खाकरले. अरुंधतीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना गप्प केलं.

"मग तुला काय आवडतं?" गोरक्षनं विचारलं. त्याचा आवाज असा, जसं शाळेतलं पोर परीक्षेत शेजाऱ्याला विचारतं.

"शिळी भाकरी. च्यात बुडवून."

"आई, दहाव्याला शिळी भाकरी? भावकी म्हणंल, जमीन विकली आन् आईला शिळं घातलं. ताजी ठेवतो."

"ताजी बुडवली की इरघळती. शिळीच."

"आदल्या रात्री करून ठेवू मग?"

"व्हय. बाजरीची."

"बाजरीची," तो म्हणाला. मग वैतागून, पण नीट वळून बसत, "आणि चहा? कोरा ना?"

"दुधाचा. साखर डबल."

"डबल नाही हां आई. तुला शुगर आहे, म्हणून तर जिलेबीपण महिन्यातनं एकदाच आणतो. डॉक्टरनं काय सांगितलंय?"

चतुराबाईंनी डब्याचं झाकण लावलं.

"तवा कसली रं शुगर?"

गोरक्षनं तोंड उघडलं, आमच्याकडे एकेकाकडे बघितलं, आणि मिटलं.

"डबल," तो म्हणाला.