पायातलं कडं

थंडीत धरमतरच्या खाडीवरची एक म्हातारी टोपलीत जिवंत रानबदकं विकायला घेऊन माझ्या दारी यायची. टोपली खाली टेकल्याखेरीज बोलायची नाही. एकदा ती एका बदकाच्या पायाचा चिखल पुसत असताना आकडे कोरलेलं कडं निघालं.

"देवाला सोडलेलं हाय," म्हणत ती पायाची दोरी सोडायला लागली. पायात कडं घालून देवाला सोडलेल्या बोकडाला त्यांच्यात कुणी शिवत नाही.

मी समजावलं, "अहो, बर्फाच्या मुलखातले साहेब हे पाखरांच्या पायात घालून सोडतात. इकडे कुणी पाखरू मारलं की कडं काढून पाठवायचं, म्हणजे ते कुठवर गेलं ते त्यांना कळतं."

"मेल्यावर कळून काय उपेग, मास्तर? जितं घरी गेलं की बघतील."

बदक उडालं. त्यानंतर टोपली टेकली की ती आधी सगळ्या बदकांचे पाय बघायची, मग बोलायची.