चौक्यापर्यंतची स्कूटर

आमची पहिली स्कूटर फक्त चौक्यापर्यंत जायची. त्यात स्कूटरचा काही दोष नाही, चौक्याला चढण आहे, असं शोरूमवाल्याचं म्हणणं. (म्हणजे दोष चौक्याचा.)

दोन हजार तीन साली ही नवीकोरी गाडी मी आयेसाठी घेतली. तिचं माहेर धामापूर, आम्ही मालवणात, चौके गाव वाटेत. मामा एकटा, पायाने अधू, त्यामुळे तो यायचा नाही. आयेला एकच हौस, झिलाच्या (म्हणजे माझ्या) गाडीवरून भावाच्या दारात उतरायचं. मामा दर रविवारी रस्त्याकडेला खुर्ची टाकून वाट बघत बसायचा.

दर शनिवारी गाडी दुरुस्त होऊन यायची. सोबत जॉबकार्ड, 'गाडी तपासली. ओके.' आणि दर रविवारी चौक्याला फुस्स! मी प्लग काढून पुसायचो, फुंकायचो, शोरूमवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. मागून कुडाळची एस्टी आली की आये हात दाखवायची, डिकीतली सुकटीची पुडी कंडक्टरकडे द्यायची.

"धामापूरच्या स्टॉपार माजो भाव बसलेलो आसा, तेका दी."

कंडक्टरचंच पेन घेऊन ती पुडीच्या कागदावर काहीतरी खरडायची. मला वाटे, मामाचं नाव.

"आये, तू तरी जा गो एस्टीन."

"जातलंय तर तुज्याच गाडयेन." की परत मालवणची वाट, मी ढकलतोय आणि ती मागून चालतेय.

असं पाचदा झालं. शेवटी शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणाले, "अरे, तू ग्राहक आहेस, भिकारी नव्हेस. वॉरंटीतली गाडी पुन्हा पुन्हा बंद पडते, तर बदलून मागणं हा तुझा हक्क आहे. ओरोसला जिल्ह्याच्या ग्राहक मंचात साध्या कागदावर तक्रार दे. वकीलही लागत नाही. फक्त जॉबकार्डं जोड."

मी डिकी उघडली. आत नुसता वास.

"आये, गाडयेचे कागद खंय?"

"ते पाठकोरे? तेंच्यात सुकट बांधून धाडलंय."

"अगो, पुरावे होते ते!"

"मगे सुकट कशात बांधूची? साडयेत?"

पुरावे आणायला धामापूरला एस्टीने गेलो. (निघालो स्कूटरनेच होतो. चौक्याहून एस्टी.) मामाने गादीखालून पाचही कागद काढले, हाताने सारखे केलेले.

"नेतस तर ने. पण माका परत हाडून दी हां."

रद्दीवर एवढा जीव! मला हसू आलं. ओरोसला उतरून आधी झेरॉक्स काढल्या, फक्त पुढच्या बाजूच्या. मागे काय, आयेची खरड नि सुकटीचे डाग.

सुनावणीला आये सोबत होती. शोरूमचा वकील उभा राहिला. "पाचही जॉबकार्डांवर ओके लिहिलंय. दोष गाडीत नाही, चालवणाऱ्यात आहे." माझाच पुरावा माझ्यावर उलटला होता.

मंचावरच्या मॅडमनी मूळ कागद हातात घेतले, नाक मुरडलं. "वास कसला हा?" आणि कागद उलटा करून मोठ्याने वाचू लागल्या.

"दादा, झिलान गाडी कालच बरी करून हाडल्यान. आज चौक्यात परत बंद पडली. वाट बघू नको, जेवून घे. फुडल्या आयतवारी येतंय."

दुसरा उलटला. तिसरा. पाचही कागदांवर पुढे ओके, मागे चौके, आणि शेवटी तेच, फुडल्या आयतवारी येतंय. वकील खाली बसला.

आये मात्र उठली. "तां माज्या भावाचा पत्र. तुमी सगळ्यांसमोर कित्याक वाचतात?"

"मावशी, हे फायलीला ठेवावं लागेल," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

"ठेवा. पण गाडी धामापुराक जावक व्हयी."

गाडी बदलून मिळाली. नव्या गाडीने चौक्याची चढण घेतली तेव्हा आयेने मागून माझ्या पाठीत आनंदाने असा गुद्दा घातला की गाडी गटारात जायची वाचली. मामा खुर्चीवरून उठून उभा होता. बहिणीला बघून त्याने डोळे पुसले, मग मला विचारलं, "माजे कागद खंय?"

"फुडल्या आयतवारी हाडतंय, मामा," मी म्हणालो.

कितीतरी आयतवार गेले. मी ओरोसला गेलोच नाही. मामा गेला, मागून आये गेली. मग एकदाचा गेलो, तर जुन्या फायली कधीच नष्ट केलेल्या. आता माझ्याकडे चारचाकी आहे. चौक्याची चढण आली-गेली कळतही नाही. तरी मी वर थांबतो, बॉनेट उघडतो, उगाच. कोणी विचारलंच, "बंद पडली काय रे?" तर खुशाल "व्हय" म्हणतो. आयेचा तो गुद्दा पाठीत परत बसावा म्हणून मी ही गाडी आनंदाने ढकलत मालवणात नेईन.

झेरॉक्स मात्र घरी आहेत, प्लास्टिकच्या पिशवीत, जपून ठेवलेल्या. आयेचं एक अक्षर नाही त्यांत. पाचही कागदांवर मेकॅनिकचं सुरेख अक्षर, 'गाडी तपासली. ओके.' दोष चालवणाऱ्यात आहे, असं शोरूमचा वकील म्हणाला होता. उशिरा का होईना, मला मान्य आहे.