चौथं चाक

ओक मालसुनच्या वाट्याला कोरी करकरीत अशी वस्तू कधी आलीच नाही. शाळेचा गणवेश थोरल्या बहिणीचा, दुकानातला फ्रिज बंद पडलेल्या खानावळीचा, आणि नवरा बिजवर. हाकबोंग बिजवर आहे हे तिला ठाऊक होतं. पण त्याला पहिल्या बायकोची मुलगी आहे हे कळलं ते लग्न लागून घरी आल्यावर, सोलही नावाची ती चिमुरडी दारात उभी राहिली तेव्हा. तो राग मालसुनने तीस वर्षं किमचीच्या लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता.

आता कोरियातल्या छोंजू शहरात तिचं किमचीचं दुकान बरं चाललं होतं. गाडी घ्यायची तर कोरीच, असं तिने ठरवलं होतं. पण विक्रेता सज्जन निघाला, हीच पंचाईत.

"काकू, गाडी नवीच आहे. पण कारखान्यातून आणताना मागचं दार चेपलं. दार बदललंय, रंग दिलाय, म्हणून तीस लाख वॉन कमी. दुसरी हवी तर तीन महिने थांबा."

त्या दिवसापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. मुळ्याला मीठ दोनदा पडलं. गिऱ्हाइकांना विचारावं, तर एक म्हणे घेऊन टाक, दुसरी म्हणे फुकट दिली तरी नको. काहीतरी निमित्त काढून ती शोरूमला जायची आणि त्या दारावरून बोटं फिरवायची. हाताला काही लागायचं नाही. लागलं असतं तर बरं झालं असतं, निदान 'नाही' तरी म्हणता आलं असतं.

"अगं, दार आहे ते, जावई नव्हे," हाकबोंग वैतागून म्हणाला.

"तुम्ही तर बोलूच नका! त्या शोरूमच्या पोराने आधी सांगितलं तरी. तुम्ही सांगितलं होतंत?"



शनिवारी दोघं पुन्हा गेले. मालसुन आत विक्रेत्याला "तीन महिने म्हणजे तीनच ना?" म्हणून पिडत होती. तेवढ्यात तो काचेबाहेर बघून ओरडला, "अहो काका! सही कुठे झालीय अजून!"

बाहेर हाकबोंग गाडीच्या चाकांवर मकगल्ली ओतत होता. तांदळाची ती पांढरी दारू चारही चाकांवर पडली आणि दोरा गुंडाळलेला सुका मासा डिकीत गेला, की गाडी आपली, अशी तिथली रीत. मग ती परत करणं म्हणजे अपशकुनाला घरचं आवतण.

मालसुन तरातरा बाहेर आली. "परत तेच! मला न विचारता! तेव्हाही तोंड शिवून बसलात आणि आताही..."

"तेव्हा सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले!"

"म्हणूनच नाही सांगितलं. भ्यालो होतो." त्याने बाटली पुढे केली. "आता तीनच चाकं झालीत. त्या दाराखालचं तुझ्यासाठी ठेवलंय. ओतलंस तर घेऊ. नाहीतर ही तिन्ही मी धुऊन देतो, आणि अपशकुन लागलाच तर माझ्या डोक्यावर."

मालसुन त्या दाराकडे बघत राहिली. तिला दारातली चिमुरडी सोलही आठवली, आणि हल्ली दर रविवारी "आई, आई" करत फोनवर तासभर डोकं खाणारीही. नसते आले, हे अगदी खरं होतं. आणि मग ही पोरही लाभली नसती.

"मासा आणलाय का नुसतेच आलात, वेंधळे?" ती म्हणाली. मग खाली बसून तिने उरलेली बाटली चौथ्या चाकावर उपडी केली.