दहा माणसं

निवृत्त झाल्यापासून दुपारचं जेवण झालं की मी इंग्रजी शब्दकोश उघडून बसतो. पस्तीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलं, ती खोड जात नाही. बायको चिडवायची, "आता कोनाले शिकवता जी, भिंतीले?" ती गेली आणि खरंच भिंतच उरली.

त्या दिवशी 'कद्दिश' हा शब्द लागला. ज्यू लोक मेलेल्या माणसासाठी म्हणतात ती प्रार्थना. इंग्रजीत आलेला, पण मूळचा अरामी, अर्थ 'पवित्र'. मोबाइलवर आणखी शोधलं. गंमत अशी की तिच्यात मरणाचं नावच नाही, नुसती देवाची थोरवी. ती रचली त्या काळी ज्यू लोक घरीदारी अरामीच बोलत, म्हणून प्रार्थनाही त्याच बोलीत; शिकलेल्यालाच नाही, साऱ्यांना कळावी म्हणून, म्हणे. आणि ती एकट्यानं म्हणायची नाही. रिवाजानं दहा जण पाहिजेत. ज्याचं माणूस गेलं त्यानं म्हणायचं, बाकीच्यांनी 'आमेन' म्हणायचं.

माझं डोकंच फिरलं. दहा? माझ्याकडे एक तरी आला होता का? आमच्या आसगावात मयतीच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी वरणभात घेऊन येतात, समोर बसून खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. कोरोनात बायको गेली तेव्हा कुत्रंही फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी मीच खिचडी टाकली, ती करपली, तशीच गिळली. तेव्हापासून बाजूच्याशी बोलणं बंद. वीस वर्षं बायकोला 'काकू, काकू' करत आमच्या ओट्यावर चहा प्यायलेला माणूस! त्यानं हाक मारली तरी मी मान फिरवायचो. म्हटलं, गेला उडत.

तरी बसल्या बसल्या मोजू लागलो, आपल्यासाठी कोण कोण येईल. पहिला तोच आठवला. अन् मग एकदम दुसरं आठवलं. बायकोनंतर आठच दिवसांनी त्याची म्हातारी माय गेली होती. रडणं मला इकडे स्पष्ट ऐकू आलं होतं. मी उठून दार लावून घेतलं होतं.

मी तरी कुठं गेलो होतो? इतकी वर्षं रुसून बसलो आणि हे एकदाही मनात आलं नाही. लाज वाटली. फार लाज वाटली.

उठलो, वरणभात केला, डब्यात भरला आणि त्याच्या दारात गेलो. इतक्या वर्षांनी कडू घास नेतो म्हणून लोक हसतील, तर हसोत बापडे.

दार त्यानंच उघडलं. केस पार पिकले होते. त्यानं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी डबा पुढे केला. मग तोच बोलला, जणू आत्ताच घडलं असावं तसा.

"गुरुजी, माय गेली जी."

"तुही काकूबी गेली रे बाबू," मी म्हणालो.