केरबाअण्णांचा नकाशा

केरबाअण्णा कुणालाही वाट सांगायच्या आधी त्या माणसाला खांद्याला धरून उगवतीकडे तोंड करून उभं करायचे. मग खांदे सोडायचे आणि सांगायला लागायचे. त्यांच्या बोलण्यात डावं-उजवं नव्हतंच. "डावं-उजवं तुमच्या आंगाचं. तुम्ही फिरला की त्येबी फिरतंय. उगवत-मावळत कुटं जात न्हाय," असं त्यांचं म्हणणं. माझ्या राजारामपुरीतल्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा मला त्यांनी खांद्याला धरलं नाही, बाईमाणूस म्हणून. नुसतं बोट गोल फिरवून म्हणाले, "उटा ताई, अशा फिरा." मी फिरले तर समोर आमचं फायलींचं कपाट. मला हसूही आलं आणि रागही आला. कोण कुठला माणूस, आल्या आल्या मलाच कवायत करायला लावतोय!

मी वेबसाइट बनवते. मंगल कार्यालयं, लॉज, गुळाचे व्यापारी, दातांचे डॉक्टर. आमच्या प्रत्येक वेबसाइटवर 'कसे याल' नावाचं एक पान असतं, त्यावर नकाशा, नकाशावर लाल पिन. पिनेला बोट लावलं की फोन तुम्हाला दारापर्यंत नेतो. अण्णांच्या पुतणीचं लग्न अशाच एका कार्यालयात झालं होतं. त्या कार्यालयाच्या मालकाकडून माझा नंबर घेऊन ते गारगोटीहून एस.टी.ने आले होते. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात पिशवी. पिशवीत माझ्यासाठी बोरं आणि त्यांच्यासाठी एक दोनशे पानी वही.

"त्या लग्नात माणूस धडाधडा दारात उतरत हुतं," ते म्हणाले. "एकानंबी वाट इचारली न्हाय. मी म्हटलं, लग्नाला माणूस दारात पोचतंय, मग दुखण्याला का न्हाय?"

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी वही उघडली. एकतीस वर्षं त्यांनी दुधाची गाडी चालवली होती. सकाळ-संध्याकाळ भुदरगडच्या डोंगरातल्या वाड्यांवर जायचं, कॅन भरून घ्यायचे, रिकामे टाकायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी बहात्तर वाड्या या वहीत उतरवल्या होत्या. ओढ्यावरची कुठली फरशी पावसात बुडते, कुठल्या पाणंदीत चारचाकी शिरते, कुठं जीपच लागते, कुठं गाडी लावून पायी जावं लागतं. त्यांना हे सगळं नकाशावर हवं होतं. प्रत्येक वाडीची वेगळी लिंक, म्हणजे कुणी आजारी पडलं तर ती लिंक अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला धाडायची. बस.

"फोनवर सगळ्या वाड्या असतातच की अण्णा," मी म्हटलं.

"असत्यात. पर चाफेवाड्या दोन हाईत. एक आमची, हिकडं, एक नदीच्या पल्याड. माजी मंडळी गेली त्या दिवशी फोननं पल्याडची दावली. अँब्युलन्स तिकडं गेली."

हे त्यांनी अगदी सपाट आवाजात सांगितलं. मी चहा सांगितला. त्यांनी बशीत ओतून प्यायला आणि लगेच कामाला लागले. त्या दिवशी त्यांनी मला तीन तास उठू दिलं नाही.

काम करून घेण्यात माणूस महाखट! मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब आमच्यासमोर 'तुम्हाला योग्य वाटेल तसं करा' म्हणतात. अण्णांनी एक गोष्ट तशी सोडली नाही. पिनांचे रंग त्यांनी ठरवले: अँब्युलन्स दारात जाते तिथं हिरवी, जीपच जाते तिथं पिवळी, झोळी करून माणूस खाली आणावा लागतो तिथं लाल. बुडणाऱ्या फरश्या निळ्या. नकाशा उघडल्यावर मध्यभागी गारगोटी दिसत होती, ती त्यांना पसंत नव्हती. "गारगोटी शेंबड्या पोराला ठावं हाय. जे कुणाला ठावं न्हाय, तितं उघडाय पायजे की!" मी वैतागून नकाशा डोंगराच्या बाजूला सरकवला. "आणि हे हॉटेलाचं, एटीएमचं कशाला? आजारी माणूस एटीएमला जातंय व्हय?" तेही काढलं. पिनेवर बोट ठेवलं की उघडणारा मजकूर मी शुद्ध मराठीत लिहिला होता. तो त्यांनी वाचला, चष्मा काढला, आणि म्हणाले, "ह्यो कुठल्या पावण्यानं लिव्हला?" मग त्यांनी सांगितला तसा शब्द न् शब्द टाकला. 'नांद्रुकाच्या झाडापासनं उगवतीला वळा. ओढ्याला पाणी आसंल तर गाडी घालू नका. हाक मारा, माणूस येतंय.'

आजही तो मजकूर तसाच आहे.

तो नांद्रुकाचा मजकूर पहिल्या पिनेचा, आणि ती पिन त्यांच्या घराची होती. नाव काय टाकायचं विचारलं तर म्हणाले, "हौसाचं घर." म्हटलं, "अण्णा, घर तुमचं ना?" तर म्हणाले, "तिच्यासाठनं हे सगळं चाललंय. तिचंच लिव्हा."

आता माझी चूक सांगते. सांगायला लाज वाटते, पण ती वगळली तर अण्णा तुम्हाला कळायचे नाहीत.

मार्चअखेरीची गर्दी होती, चार गिऱ्हाइकं डोक्यावर बसलेली. अण्णांच्या वहीतल्या वाड्या मी एकेक करून शोधून टाकत होते. आमच्या भागात जवळजवळ प्रत्येक गावाला स्वतःचा एक धनगरवाडा असतो, डोंगराच्या अंगाला, गावापासून लांब. वहीत चार धनगरवाडे होते. मी नाव टाकलं, जे पहिलं आलं त्यावर पिन ठोकली आणि पुढं गेले. पुढच्या मंगळवारी अण्णा आले. मंगळवार त्यांचा ठरलेला. मोठ्या स्क्रीनवर उपग्रहाचा फोटो लावून ते प्रत्येक पिन तपासायचे, नाकाला स्क्रीन लागेपर्यंत वाकून. त्या धनगरवाड्याशी थांबले.

"हितं पाण्याची टाकी न्हाय."

"असेल झाडाखाली."

"न्हाय. टाकी उघड्यावर हाय. हे आमचं न्हवं. हे दुसऱ्याच गावाचं हाय."

त्या दिवशी माझं डोकं आधीच तापलं होतं. मी म्हटलं, "अण्णा, बहात्तरातली एक पिन! एवढं काय आभाळ कोसळलं? करते नंतर."

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं रागावले, आता उठून जाणार. पण ते बोलायला लागले, आणि त्यांचा तो मोठा, गाडीच्या आवाजावर चढवलेला आवाज कुठच्या कुठं गेला होता.

"फोननं दावली असं मी तुम्हास्नी सांगितलं. फोननं न्हाय. मी धाडली." ते म्हणाले. "सदानं, पोरानं, नवा फोन घेऊन दिलता. दुपारची येळ. हौसाच्या छातीत कळ आली. अँब्युलन्सवाला म्हणाला, आजोबा, लोकेशन धाडा. मी नाव घातलं, चाफेवाडी. पयलं आलं त्येच धाडलं. तोंडानं सांगितलं असतं तर चार वाक्यात आला असता त्यो. एकतीस वर्सं तोंडानं सांगत आलतो की! पर मला दावायचं हुतं, मलाबी येतंय म्हणून."

मी माऊस बाजूला ठेवला.

"सव्वा तास लागला. सोप्यात खाटंवर पडलीती. दर थोड्या येळानं इचारायची, गाडी आली का? मी म्हणायचो, आली, आली, वळणावर हाय. शेवटाला इचारायची बंद झाली. सदाला अजून ठावं न्हाय. त्याला वाटतंय, ड्रायव्हर चुकला. ड्रायव्हर चुकला न्हवता. त्याला धाडलं तिकडंच त्यो गेला."

मला इतकं वाईट वाटलं की मान वर करून त्यांच्याकडं बघवेना. तीन महिने हा माणूस माझ्या शेजारी बसून नाकाला स्क्रीन लावून बघत होता, आणि मला तो नुसता चिकट म्हातारा वाटत होता. मी रडले. माझं रडणं बघून अण्णाच गडबडले, बाहेर जाऊन पाण्याची बाटली घेऊन आले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. तू टाकी बघ. टाकी उघड्यावर हाय."

त्या दिवसापासून आमचा नियम झाला. तो त्यांनीच घातला: "तितं उभा ऱ्हायल्याबिगर पिन न्हाय." शोधून टाकलेल्या सगळ्या पिना मी पुसल्या. अण्णा आपल्या जुन्या मोटरसायकलवरून पुन्हा बहात्तर वाड्या फिरले, चौसष्टाव्या वर्षी. प्रत्येक वाडीत चौकात उभं राहून फोन करायचे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "ताई, उभा हाय. घ्या." मग उभे असतील तिथलं लोकेशन धाडायचे आणि मी ते घेऊन पिन लावायची. रेंज नसली तर पायी डोंगर चढून वर जायचे, तिथून फोन करायचे, "वरनं बोलतोय. खाली गेल्यावर धाडतो, मग रेंजला आल्यावर पोचंल. गडबड करू नका." मी कार्यालयाच्या मालकाबरोबर मीटिंगमध्ये असले तरी हा फोन घ्यायची. मालक विचारायचे, कुणाचा? मी सांगायची, आमच्या साहेबांचा.

पिना झाल्यावर त्यांनी प्रत्येक वाडीच्या दूध संस्थेच्या भिंतीवर तिची लिंक चिकटवली. फोन समोर धरला की नकाशा उघडणारा चौकोनी ठिपक्यांचा कागद, वर प्लॅस्टिक. मग अँब्युलन्सच्या ड्रायव्हरांना गाठलं. एकेकाला चहा पाजला, त्याच्या फोनवर नकाशा उघडायला लावला, आणि खांद्याला धरून उगवतीला तोंड करून उभा केला. ही हकीकत त्यांनीच मला हसत सांगितली. त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

"सदाला सांगितलंत का?" मी एकदा विचारलं.

"सांगतो."

"कधी?"

"एकांदी गाडी बरोबर येऊ दे. मग सांगतो."

गाड्या येत होत्या. एका वाडीत अडलेल्या बाळंतिणीला वेळेत नेलं, एकदा सर्प चावलेल्या माणसाला. नकाशाखाली माझा नंबर होता, ड्रायव्हर मला सांगायचे; मी फोन करून कळवलं की अण्णा म्हणायचे, "बरं झालं." सदाला मात्र सांगत नव्हते. मी पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं, पण काही गोष्टी माणसाच्या गळ्यात अडकतात त्या अडकतातच.

पिना संपून वर्षं झाली तरी अण्णांचा मंगळवार चुकला नव्हता. यंदा दिवाळी झाल्यावर एका मंगळवारी ते आले नाहीत. मी म्हटलं, सुगीचे दिवस आहेत, असतील कामात. बुधवारी सकाळी सदाचा फोन आला. अण्णा गेले.

रक्षाविसर्जनाला मी गेले. इतकी वर्षं त्यांच्या घराची पिन माझ्या हातातली, आणि घर मी कधी पाहिलं नव्हतं. गारगोटी सोडली आणि गाडीत लिंक उघडली. हौसाचं घर. पुढं मला कुणालाही काही विचारावं लागलं नाही. नांद्रुकाचं झाड आलं, तिथून उगवतीला वळले. ओढा कोरडा होता. त्यांच्या शब्दांवरून गाडी चालवताना माझे डोळे सारखे भरून येत होते, शेवटी ओढ्याच्या अलीकडं दोन मिनिटं थांबले.

घराच्या पुढच्या सोप्यात माणसं बसली होती. सदा, त्यांचा मुलगा, चाळिशीचा, बापासारखाच उंच. मला बघून उठला. मला कोपऱ्यात नेऊन म्हणाला, "ताई, अण्णांनी मला सगळं सांगितलं. आईचं."

"कधी?"

"जातानाच. दुपारी शेतात चक्कर आली. मी उचलून ह्या खाटंवर आणलं. अँब्युलन्सवाल्याला फोन लावला, संस्थेच्या भिंतीवरनं घेतलेली लिंक धाडली. म्हटलं, आता काय आईच्या येळेसारखं हुतंय का काय. तर अण्णा म्हणाले, सदा, त्या दिवशी लोकेशन मी धाडलं हुतं. ड्रायव्हरला शिव्या देऊ नगंस. एवढं बोलून घामाघूम झाले. मी म्हटलं, अण्णा, आता बोलू नका. राग आला का काय झालं, मलाच कळंना. मी त्यांचा हात धरून बसलो."

"मग?"

"मग सायरन ऐकू आला. वीस मिन्टंबी झाली नव्हती. अण्णांनी डोळं उघडलं. म्हणाले, कुठनं आली रं? म्हटलं, नांद्रुकाकडनं." सदाने टॉवेलनं तोंड पुसलं. "अण्णा म्हणाले, मग बरोबर आली."

गाडी दारात उभी राहिली तेव्हा ते गेलेले होते.