कंपनीचा का लोकल

निपाणीच्या नाक्यावरचा तो मेस्त्री एअर फिल्टर बदलायला आलेल्या प्रत्येकाला एकच विचारायचा, "कंपनीचा का लोकल, आण्णा?" उत्तर यायच्या आधीच जुना फिल्टर दगडावर आपटायचा. त्यातनं तपकिरी धूळ पडायची, सगळी तंबाखूची. "बघा, लोकल असता तर हे समदं इंजिनात गेलं असतं." मी माझ्या टॅक्सीला कायम कंपनीचाच घातला.

एकदा बायको गाडीत होती. ती तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. तिचा खोकला ऐकून मेस्त्रीनं विचारलं, "आक्का, वखारीत नाकाला काय बांधता?"

"पदर."

"म्हंजे लोकलच की."

ती हसली. मीबी हसलो.

दोन वर्षांनी ती दम्यानं गेली. दिवसकार्य उरकून गाडी त्याच्याकडं नेली, तर त्यानं काही विचारलं न्हाय. जुना फिल्टर काढला, आपटायला हात उचलला आणि माझ्याकडं बघून थांबला. मग फिल्टर घेऊन शेडच्या मागं गेला. आपटल्याचा आवाज मला तिथनंबी ऐकू आला. परत येऊन त्यानं कंपनीचा फिल्टर बसवला.

ते इंजिन तिच्यामागं लई वर्षं चाललं.