कोपऱ्यावरचं बटण

सिस्टर हट्टी आहेत हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांच्या गाडीनं त्यांच्यावरही कडी केली होती.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्याच्या नर्स. अंथरुणाला खिळलेल्या, घराबाहेर पडू न शकणाऱ्या पेशंटांच्या घरी जायचं, कुणाला इंजेक्शन द्यायचं, कुणाची जखम धुऊन पट्टी बदलायची, हे त्यांचं काम. गेली एकोणीस वर्षं ही फेरी त्यांच्याकडे होती आणि ती दुसऱ्या कुणाला द्यावी असं त्यांना एकदाही वाटलं नव्हतं. गाडी चालवायचे त्यांचे यजमान. छापखान्यातून लवकर निवृत्ती घेऊन ते बायकोचे ड्रायव्हर झाले होते आणि त्यात त्यांना काडीचाही कमीपणा वाटत नसे. पेट्रोलची ती जुनी गाडी त्यांनीच गॅसवर करून घेतली होती. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. तेराव्या दिवसानंतर काय करायचं याचा विचार करत बसण्याऐवजी सिस्टरनी कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेलं स्वतःचं लायसन्स काढलं, झटकलं आणि फेरीला निघाल्या.

उबेचे दिवस होते तोवर सगळं झकास चाललं. किल्ली फिरवली की गाडी गॅसवरच सुरू व्हायची. पेट्रोलला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. पेट्रोलचा काटा चार महिने जागचा हलला नाही, हे त्या भेटेल त्याला सांगत सुटल्या होत्या. गाडी बहुधा ते सगळं ऐकत होती.

मग थंडी पडली. बादलीतलं पाणी सकाळी वरून कडक होऊ लागलं, तशी गाडीनं मान टाकली. पेट्रोलवर सुरू करायला जावं तर नुसतं खर्र खर्र. बॅटरी दमायची, इंजिन ढिम्म. शेवटी नाइलाजानं गॅसवर सुरू करायची. ती कशीबशी सुरू व्हायची आणि पुलावर पोचेपर्यंत बंद पडायची.

पुलापलीकडे सिस्टरची पहिली पेशंट राहायची, साखरेचा आजार असलेली एकटी आजी. तिला साडेसहाला इन्शुलिन द्यायचं, मगच तिचं खाणं. त्या आठवड्यात सिस्टरना दुसऱ्यांदा उशीर झाला. पुलावर बॉनेट उघडून पाहतात तर गॅसचा रेग्युलेटर पांढराफटक, वर बोटभर हिम. सिस्टरनी थर्मासमधला सगळा चहा त्याच्यावर ओतला. चहा पिऊन गाडीला तरतरी आली खरी, पण त्यात चाळीस मिनिटं गेली. आजी उपाशीपोटी बसून बसून घेरी येऊन दारातच खाली बसली होती. सिस्टरनी तिला उठवून आत नेलं. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

दवाखान्यात मेट्रनबाईंनी, म्हणजे मुख्य नर्सनी, आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"सिस्टर, गाडीची सबब मला चालेल. आजीच्या साखरेला चालत नाही ना! अजून एकदा उशीर झाला तर ही फेरी नव्या मुलीला देईन. तुम्ही इथे रजिस्टरवर बसा. उबेत."

"मी उबेत बसणाऱ्यातली नाही," सिस्टर म्हणाल्या.

"मग वेळेवर पोचा."

तिथून त्या तडक मेकॅनिककडे गेल्या. त्यानं बॉनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ च्च् च्च् केलं.

"ताई, टाकीत गॅस असतो पातळ. त्याची वाफ होते ती ह्या रेग्युलेटरमध्ये. त्याला इंजिनाचं गरम पाणी लागतं. गार इंजिन गॅसवर चालवलंत तर गोठणारच की तो! आधी पेट्रोलवर सुरू करायची, गरम होऊ द्यायची, मग गॅस."

"अहो, पेट्रोलवर ती सुरूच होत नाही, तेच तर सांगतेय!"

"मग पंप खोलून बघावा लागेल. चार दिवस ठेवून जा. नाहीतर माझं ऐका, विकून टाका. ह्या वयात कशाला डोक्याला ताप?"

चार दिवस गाडी नाही म्हणजे चार दिवस उशीर. आणि वयाचं बोलणं तर सिस्टरना भलतंच झोंबलं. "वय गाडीचं झालंय, माझं नाही," असं म्हणून त्यांनी बॉनेट धाडकन आपटलं आणि निघाल्या.

फेरीतला शेवटचा पेशंट त्यांच्याच गल्लीत राहायचा. म्हातारे शिंपीकाका. नजर गेलेली, पायाच्या अंगठ्याला बरी न होणारी जखम. गाडी रोज त्यांच्याच खिडकीखाली उभी राहायची. सिस्टर पट्टी सोडत होत्या, पण त्या दिवशी हाताला जरा जोर जास्त होता.

"हळू, सिस्टर. अंगठा माझा आहे, मेकॅनिकचा नाही," काका म्हणाले.

सिस्टरना हसू आलं आणि त्या भडाभडा सगळं बोलून गेल्या. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सकाळी तुमची खर्र खर्र ऐकतो मी. तुमचे यजमान होते तेव्हा दुसऱ्या फटक्याला सुरू व्हायची. एक विचारू? तुम्ही कोपऱ्यावर बदलत का नाही?"

"काय बदलत नाही?"

"आवाज. ते दुपारी परत यायचे ना, तेव्हा कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी गाडीचा आवाज बदलायचा. तिथपर्यंत बसका, मग एकदम मोकळा. एकही दिवस चुकला नाही. तुम्ही येता त्या बसक्या आवाजातच थेट दारापर्यंत. मला वाटलं, तुमची वेगळी पद्धत असेल."

सिस्टरच्या हातातली पट्टी तशीच राहिली. बेकरीचा कोपरा. यजमानांचा डावा हात डॅशबोर्डवरच्या तीन खुणांच्या बटणाकडे जायचा: गॅस, मधे बंद, मग पेट्रोल. त्या शेजारी बसून दरवेळी म्हणायच्या, "घर आलं की हो, आता कशाला बटणाशी खेळताय?" आणि ते म्हणायचे, "उद्याची सोय करतोय."

आता त्यांना उमगलं: शेवटचा तेवढा पल्ला पेट्रोलवर काढला की इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या कार्बोरेटरची छोटी वाटी रात्रभर भरलेली राहायची आणि सकाळी गाडी त्याच पेट्रोलवर सुरू व्हायची. सिस्टर मात्र गॅसवर येऊन गाडी बंद करत होत्या, आणि सकाळी कोरड्या वाटीला पेट्रोल मागत होत्या.

त्यांना यजमानांचा भयंकर राग आला. एवढी साधी गोष्ट, नीट सांगायची नाही का? पाठोपाठ स्वतःचाही आला. इतकी वर्षं शेजारी बसून, "कसली सोय?" एवढं विचारायला काय झालं होतं? जाडजूड चादरीचं ओझं अंगावर पडावं तशी यजमानांची आठवण आली. सिस्टरनी नाक पुसलं, पट्टी नीट बांधली आणि काकांना बिस्किटांचा पुडा काढून दिला, जो खरं तर त्यांनी स्वतःसाठी आणला होता.

मग लगेच गाडी काढून त्या पंपावर गेल्या, ताजं पेट्रोल भरलं आणि येताना बेकरीपाशी बटण फिरवलं. गाडीला आचका बसला, क्षणभर तिच्या घशात काही अडकल्यासारखं झालं, आणि मग आवाज मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी त्या हिवाळ्यातली सगळ्यात कडक थंडी होती. काचेवर खरवडून काढावा असा बर्फ. सिस्टरनी चोक ओढला, किल्ली फिरवली. खर्र. पुन्हा फिरवली. गाडी सुरू झाली.

खरी परीक्षा तर पुढेच होती, कारण थांबून राहणं सिस्टरना कधी जमलं नव्हतं. घड्याळ पळत होतं. पाय सारखा ॲक्सिलरेटरकडे, हात बटणाकडे. "हलायचं नाही," त्यांनी स्वतःलाच दटावलं, पेशंटला दटावतात तसं. बाहेर उतरून सगळ्या काचा खरवडल्या, मागचीसुद्धा. मग बॉनेट उघडून रेग्युलेटरवर तळहात ठेवला, ताप बघावा तसा. गार. पुन्हा थोडं थांबल्या. कोमट. आणखी थोडं. आता ऊब हाताला नीट कळत होती. बटण मधे, एक खोकला, मग गॅस. पूल ओलांडताना त्यांनी श्वास रोखून धरला होता. गाडी एकदाही अडखळली नाही.

सहा पंचवीसला आजीनं दार उघडलं. "अगंबाई, आज घड्याळ मागे पडलंय का माझं?"

"घड्याळ बरोबर आहे. दंड पुढे करा," सिस्टर म्हणाल्या. इंजेक्शन देऊन झाल्यावर तिथूनच मेट्रनबाईंना फोन केला: "पोचले. रजिस्टरवर दुसरं कुणी बसवा."

दुपारी फेरी संपत आल्यावर परतताना बेकरी आली. शेजारची सीट रिकामी होती. तिच्यावर औषधांची पेटी. सिस्टरचा हात बटणाकडे गेला.

खिडकीपाशी गाडी लागली तेव्हा शिंपीकाकांनी पट्टीसाठी पाय आधीच स्टुलावर ठेवला होता.

"बदलला आवाज," ते आतूनच म्हणाले. "मला वाटलं, तेच आले."

सिस्टरनी गाडी बंद करून किल्ली काढली. मग त्यांनी पेटी उचलली.

"मीच आहे, काका," त्या म्हणाल्या. "उद्याची सोय करत होते."